न थांबणारा तंबोरा

“आणि हा थांबतो कधी?”

सिद्धरामबुवांनी विचारलं. समोर जाजमावर नवा कोरा फोन पडला होता आणि त्यातून तंबोरा वाजत होता.

“थांबत नाही, बुवा. तीच तर याची मजा.” उपेंद्र म्हणाला. “आपण बंद केला तरच बंद होतो. नाहीतर सकाळपर्यंत वाजत राहील.”

“दमत न्हाई?”

“नाही.”

“कंटाळत न्हाई?”

उपेंद्रला हसू आलं. “यंत्र आहे, बुवा.”

“हं...”

बुवा फोनकडे बघत राहिले. बघण्यासारखंच होतं म्हणा. काळ्या काचेवर एक इवलासा तंबोरा उभा होता, त्याच्या तारा खरोखरीच्या तारांसारख्या थरथरत होत्या. आवाजही खोटा म्हणता येणार नाही असा. जवारीचा गुंजारव गोड, खर्ज भरलेला.

“चोख हाय.” बुवा म्हणाले.

उपेंद्र सुखावला. बुवांच्या तोंडून ‘चोख’ ऐकायला त्याला एके काळी महिनेच्या महिने वाट बघावी लागायची.

हे कुरुंदवाडचं घर. नदीच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात, मागे दोन खोल्या आणि पुढे ओसरीसारखा सोपा. या सोप्यात उपेंद्रने आपल्या उमेदीची वर्षं काढली होती. पहाटे उठून खर्ज लावायचा, आडाचं पाणी शेंदायचं, आणि गळा बसला की अक्काच्या हातची गरम भाकरी दुधात कुस्करून खायची. अक्का म्हणजे गौराक्का, बुवांची बायको. पण ती कुणाची बायको आहे हे शिष्यांच्या लक्षातच नसायचं. ती सगळ्यांची अक्का होती. आणि बुवा गायला बसले की त्यांच्या मागे तंबोरा घेऊन तीच बसायची, घरात आणि मैफलीतसुद्धा. दुसऱ्या कुणाला बुवांनी ती जागा कधी दिली नाही.

अक्का जाऊन तीन पावसाळे झाले. तिच्यामागे बुवांचं गाणं बंद पडलं. बुवांनी तसं काही जाहीर केलं नव्हतं. कुणी विचारलं की ‘बघू की’ म्हणायचे, आणि बघणं काही व्हायचं नाही. अक्काचा तंबोरा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. दसऱ्याला पूजेपुरती त्याची गवसणी निघायची आणि हळदकुंकू वाहून झालं की पुन्हा चढायची.

उपेंद्र आता पुण्यात असायचा. नावाजलेला गवई होता. कौतुक करणारे पुष्कळ होते, आणि आपण कौतुकाचे आहोत हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. सातासमुद्रापलीकडचे शिष्य त्याच्याकडे फोनवरून शिकायचे. त्यामुळे फोन हा त्याचा उजवा हात झाला होता, आणि त्या हाताला आणखी किती बोटं फुटू शकतात याचा त्याने ध्यास घेतला होता.

आज तो आला होता तो एका अंतऱ्यासाठी.

मारवा रागातली एक चीज होती. बुवांना ती त्यांच्या गुरुजींकडून मिळाली होती आणि त्यांच्याखेरीज ती कुणाला येत नव्हती. अस्ताई बुवांनी उपेंद्रच्या गळ्यात घातली होती. अंतरा राहिला होता. “घाई काय रं,” बुवा म्हणाले होते, “फुडच्या खेपेला अक्का मागं बसली की दितो.” पुढच्या खेपेला उपेंद्र आला तेव्हा अक्का अंथरुणावर होती. त्याच्या पुढच्या खेपेला अंथरूणही नव्हतं.

बुवांनी ऐंशी ओलांडली होती. हातातलं फुलपात्र आता थरथरत असे. बुवा गेले की अंतरा गेला, हे उपेंद्रला दिसत होतं आणि रात्री झोप लागू देत नव्हतं. तसं तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हणून त्याने हा फोन आणला होता. तंबोऱ्यावर बसायला माणूस नाही म्हणून गाणं अडलंय ना? मग माणसाची गरजच राहणार नाही असं करून टाकू, असा त्याचा साधा सरळ हिशेब होता.

“यात आणखी काय काय हाय?” बुवांनी विचारलं.

उपेंद्र सरसावून बसला.

“फोन विकत घेतला की त्याच्याबरोबर फारसं काही येत नाही, बुवा. घड्याळ, कॅमेरा, असलंच. खरा उपयोग बाहेरच्या अ‍ॅपचा. कुणी कुठे बसून तयार केलेली असतात. ती शोधायची, पारखायची आणि यात टाकायची. मी तुमच्यासाठी निवडून निवडून टाकलीत.”

“म्हंजे ह्येचं सोताचं काय न्हाई?”

“जवळजवळ नाहीच.”

“मंग माझ्यासारखाच की ह्यो.” बुवांचे डोळे मिचमिचले. “मी बी मोकळाच आलो हुतो. सूर गुरुजींनी टाकला. अक्कल अक्कानं टाकली. समदी बाहेरचीच मान्सं.”

उपेंद्र मोठ्याने हसला. बुवांचा हा स्वर त्याने फार दिवसांत ऐकला नव्हता. आज जमणार, असं त्याच्या मनाने घेतलं.

मग त्याने एकेक अ‍ॅप उघडून दाखवायला सुरुवात केली. एक पत्र वाचून दाखवणारं होतं. छापील कागदावर फोन धरायचा आणि तो मोठ्याने वाचायचा. एक तबल्याचं होतं. आणि एकात सूर मोजायचा काटा होता. समोर जो आवाज होईल त्याचा सूर तो सांगायचा. चढा असेल तर काटा उजवीकडे, उतरलेला असेल तर डावीकडे, आणि बरोबर असेल तर हिरवा दिवा.

“कशाचा बी सांगतो?”

“कशाचाही.”

बुवांनी फुलपात्र उचललं आणि चमच्याने टण्ण केलं. काटा हलला.

“कोमल धैवत. जरा उतरलेला.” उपेंद्र म्हणाला.

बुवांनी फुलपात्रातलं घोटभर पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा टण्ण केलं. काटा पुढे सरकला, हिरवा दिवा लागला. बुवा लहान मुलासारखे खूश झाले. अडकित्ता वाजवून बघितला, पानाचा डबा वाजवून बघितला. दाराच्या कडीला तर त्यांनी चढलेला पंचम ठरवूनच टाकलं आणि काट्यानेही मान डोलावली.

“गळ्याने बघा की, बुवा.” उपेंद्र हळूच म्हणाला.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

...

“तू शिकिवतोस त्ये कसं शिकिवतोस?” त्यांनी भलतंच विचारलं.

“व्हिडिओवर. मी घरी बसतो, ते त्यांच्या घरी. त्यासाठीही एक अ‍ॅप आहे.” उपेंद्रने आपल्या खिशातला फोन काढून दाखवला. “हे बघा. मी बसलोय, आणि माझ्या मागे काय आहे?”

“देऊळ दिसतंय. समया बी हाईत.”

“प्रत्यक्षात माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार आहे. हे अ‍ॅप माणूस तेवढा ठेवतं आणि त्याच्या मागचं सगळं पुसून टाकतं.”

“मागनं वसुधा गेली तर?”

वसुधा म्हणजे उपेंद्रची बायको.

“दिसत नाही.”

“काय बोलली तर?”

“आवाज पुसायचंही आहे ना. माझा तेवढा पुढे जातो. तिचा, कुकरचा, सगळा गाळला जातो.”

बुवांनी त्याच्याकडे बघितलं.

“ब्येस.” ते म्हणाले.

उपेंद्रला ते ‘ब्येस’ नीटसं पचलं नाही. पण हुकमाचं पान अजून हातातच होतं. ते आता टाकावं असं त्याने ठरवलं.

“बुवा, तुमच्यासाठी आणखी एक आणलंय. सांगलीची मैफल आठवते? गणपतीतली. तुमच्या मारव्याला लोक उठून उभे राहिले होते ती.”

 पानाच्या डब्यावरचा बुवांचा हात थांबला.

“त्या मैफलीची एक कॅसेट होती. एका रसिकानं समोर टेप ठेवून भरलेली. ती मला मिळाली. पार गेलेली होती, नुसती खरखर. फोनमध्ये उतरवून घेतली आणि त्यातच फितीचा लोळागोळा झाला. मग मी बसलो. दिवाळीची सगळी सुट्टी घातली. एक अ‍ॅप खरखर काढतं, एक लोकांचं खोकणं काढतं. आता असं वाटतं की बुवा काल गायलेत.”

त्याने काचेवर बोट टेकवलं.

आणि सोप्यात सिद्धरामबुवांचा तरुण आवाज उभा राहिला.

काय आवाज होता तो. काठोकाठ भरलेला, कुठे हिणकस नाही. मारव्याचा तो कोमल रिषभ लागला आणि उपेंद्रच्या अंगावर ऐकून ऐकूनही पुन्हा काटा आला. बुवा डोळे मिटून बसले होते. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडलं होतं. आवाजाच्या मागे, अगदी मागे, तंबोरा होता. अक्काचा तंबोरा. तिचं बोट, तिची लय. उपेंद्रला वाटलं, आपण सगळं परत आणलं. माणूस सोडून सगळं.

बुवांच्या बंद पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

गाणं वर चढलं. एक सपाट तान आली, विजेसारखी, वरून खाली. टेपमधले लोक ‘वाहवा’ म्हणाले. मग दुसरी, तिच्याहून लांब. टाळ्या पडल्या. तान चालूच होती...

बुवांनी डोळे उघडले.

“हितं तंबोरा थांबला हुता.” ते म्हणाले.

उपेंद्रने पटकन गाणं थांबवलं. त्याला बुवांच्या स्मरणशक्तीचं कौतुक वाटलं.

“हो, बुवा. तिथे गळला होता. आणखीही दोन ठिकाणी. अक्का दमल्या असतील, नाहीतर डोळा लागला असेल. तुमचा आवाज चालू आणि मागे काहीच नाही, फार उघडं वाटत होतं. म्हणून आधीचा तुकडा उचलला आणि तिथे चिकटवला. इतका बेमालूम बसलाय की आता कुणाला कळणार नाही.” आणि जरासं थांबून तो म्हणाला, “अक्कांची चूक तेवढी झाकली.”

...

बाहेर कुणीतरी घाटावर कपडे आपटत होतं. तो आवाज सोप्यापर्यंत येत होता.

“मूळ हाय का?” बुवांनी विचारलं.

“मूळ?”

“थांबल्यालं.”

उपेंद्रने फोनवरचं बोट मागे घेतलं. “नाही, बुवा. हे तयार झाल्यावर ते पुसलं. जागा खात होतं.”

“जागा खात हुतं...”

“कॅसेट तर आधीच गेली. म्हणजे... आता हेच आहे.”

बुवांनी मान हलवली. रागावले असते तर उपेंद्रला बरं वाटलं असतं. बुवा रागावले की तोंडाचा पट्टा सुटायचा, आणि पट्टा संपला की अक्का आतून चहा पाठवायची. पण बुवा नुसते दाराबाहेर बघत बसले.

“त्यो दमल्याला हात न्हवता रं.” शेवटी ते म्हणाले.

उपेंद्रने फोन बाजूला सारला.

“त्या रातीला पयली तान लागली. लागली म्हंजे अशी लागली, माझं मलाच खरं वाटंना. लोकं उठली. मंग म्या दुसरी घेतली.  फुडं टाळ्या... आन् मागं कायच न्हाई.”

“मग?”

“वळून बघिटलं. अक्का पदर सारखा करत बसल्याली. बोट तारंवरनं उचलल्यालं.”

“काही म्हणाल्या?”

“ती कशाला म्हनंल? म्या मुकाट खाली आलो, सुरावर आलो. मंग तिचं बोट खाली आलं.”

“आणि घरी आल्यावर?”

“घरी आल्यावर भाकरी वाडली. वर लोनी बी घातलं.”

उपेंद्रला त्या मैफली आठवायला लागल्या. इचलकरंजीला, निपाणीला, एकदा कोल्हापुरात. कितीतरी वेळा मागचा तंबोरा क्षणभर गप्प झाला होता. दर वेळी त्याला अक्काची लाज वाटली होती. म्हातारीचा हात चालत नाही, आता बुवांनी दुसरं कुणी घ्यावं, असं तो इतर शिष्यांशी कुजबुजला होता. एकदा तर त्याने अक्कालाच सांगितलं होतं, “अक्का, आता विजेवरचा तंबोरा मिळतो, पेटीएवढा. तुम्ही आराम करा.” अक्का हसली होती आणि म्हणाली होती, “आन की बाबा. त्यो थांबंल का बघू.”

तेव्हा त्याला वाटलं होतं, अडाणी बाई आहे, पेटी वाजायची थांबेल म्हणून घाबरते.

“बुवा, तुमचं काही चुकलं की त्या थांबायच्या?”

“चुकीला न्हाई. चुकलं की हसायची. मागनं ऐकू यायचं.”

“मग?”

“म्या लोकांसाटी गायाला लागलो की थांबायची.”

 अक्काने जन्मभरात बुवांच्या गाण्याबद्दल तोंडाने अवाक्षर काढलं नव्हतं. जे काही बोलायचं ते तिने तसं बोलून ठेवलं होतं, आणि त्यातलं जे एवढंसं फितीवर उरलं होतं ते त्याने दिवाळीची सुट्टी घालून, जीव ओतून, बेमालूम पुसून टाकलं होतं.

“बुवा, मला... मला कळलं नाही.” तो म्हणाला.

“लोकांना बी कळत न्हवतं. कळायला ती लोकांसाटी कुटं थांबत हुती?”

फोनमधला दुसरा तंबोरा, तो न थांबणारा, गाणं थांबल्याबरोबर पुन्हा हळू आवाजात सुरू झाला होता. उपेंद्रने तो बंद केला. त्याला वाटलं, आता उठावं, पाया पडावं आणि संध्याकाळची गाडी धरावी. अंतरा मागायला आपल्याला आता तोंड राहिलेलं नाही.

तो उठलाही.

“कुटं निघालास?” बुवा म्हणाले. “त्या कोपऱ्यातला तंबोरा आन.”

उपेंद्र जागच्या जागी उभा राहिला.

“आन म्हनतोय नव्हं.”

त्याने तंबोरा आणला. गवसणी काढली. अक्काने जुन्या लुगड्याची शिवलेली गवसणी होती ती, हिरवी, काठ अजून शाबूत. आतल्या भोपळ्यावर दसऱ्याची हळद तशीच होती. त्याने तारेवर बोट फिरवलं. पार उतरलेल्या होत्या, खर्जाची तार काळी पडली होती.

“लाव.”

“मी?”

“मंग काय दत्तमहाराज वाडीवरनं येनार हाईत?”

उपेंद्र खुंट्या पिळू लागला.  मारव्याला पंचम नाही, म्हणून पहिली तार निषादात लावायची. ती काही केल्या ठरेना. इकडे ओढावी तर चढायची, सोडावी तर घसरायची. त्याने चोरट्या नजरेने फोनकडे बघितलं.

“वापर की.” बुवा म्हणाले. “त्या काट्यानं काय घोडं मारलंय?”

मग उपेंद्रने काटा समोर ठेवला आणि एकेक तार जुळवली. हिरवा दिवा लागत गेला. शेवटी मणी सरकवून त्याने चारही तारा एकदम छेडल्या आणि सोपा भरून गेला. तीन पावसाळ्यांनी त्या घरात तो आवाज झाला होता. शेजारच्या घरातलं बोलणं एकदम बंद झालं.

“झ्याक लागला. तुजं यंत्र कामाचं हाय.” बुवा म्हणाले. “आता टिपून घ्यायचं आसंल तर घे. खरखर काड, खोकला काड. पन कुटं काय भरायचं न्हाई.”

“नाही भरणार, बुवा.”

“बस मागं.”

उपेंद्रने फोन टिपायला लावून जाजमावर ठेवला आणि तंबोरा घेऊन बुवांच्या मागे, डाव्या अंगाला, अक्काच्या जागी बसला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता. तिथून बुवांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त वाळलेली मान, सदऱ्याची उसवलेली शिवण आणि पाठ. हातवारे नाहीत, डोळे नाहीत, काहीच नाही. इथून माणूस फक्त ऐकू येतो, हे त्याला बसल्यावर कळलं.

बुवांनी सूर लावला.

आवाज फाटलेला होता. पहिल्यांदा तर नुसती हवाच आली. मग घसा मोकळा झाला आणि निषाद लागला, आणि मग तो कोमल रिषभ. सांगलीचा नव्हता तो. म्हाताऱ्या माणसाचा, खोकल्यातून वाट काढत आलेला रिषभ होता. तरीपण उपेंद्रचे डोळे भरून आले आणि मांडीवर पसरलेल्या हिरव्या गवसणीवर दोन थेंब पडले.

अस्ताई झाली. दोनदा, तीनदा फिरली. आवाज तापत गेला. बाहेर ऊन उतरत होतं, मारव्याची वेळ झाली होती.

आणि मग अचानक बुवांनी तान घेतली.

ऐंशीच्या पुढचा गळा आणि तशी तान! वरून खाली, सगळी सप्तकं झाडून. “वा!” उपेंद्रच्या तोंडून निघून गेलं. दाराशी शेजारची दोघं-तिघं येऊन उभी राहिली होती, त्यांनीही माना डोलावल्या.

बुवांनी दुसरी तान घेतली. तिच्याहून लांब, तिच्याहून अवघड. दारातून कुणीतरी टाळी वाजवली. बुवांचा उजवा हात हवेत वर गेला, सांगलीत जायचा तसा.

उपेंद्रच्या बोटाला तेव्हा काहीतरी कळलं. पण बोट चालत राहिलं. ते थांबवायचं कसं? गुरू गातोय आणि शिष्याने तंबोरा थांबवायचा? आईबापांच्या ताटाला पाय लावावा तशातली गोष्ट. बुवा चिडले तर? तीन पावसाळ्यांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं तर? अंतरा जाईल, कायमचा जाईल. आणि आपण कोण थांबवणारे? ज्याच्या मागचं सगळं पुसलेलं असतं, असले आपण.

बुवांनी तिसरी तान उचलली.

उपेंद्रने डोळे मिटले आणि तारेवरून बोट उचललं.

...

सोप्यात एकदम केवढं तरी रिकामं झालं. घाटाचा आवाज आत आला. तान अर्ध्यावर होती. आधाराशिवाय ती क्षणभर हवेत उभी राहिली, हलली, आणि मग पायरी पायरीने, मुकाट, खाली आली. बुवांचा वर गेलेला हात मांडीवर आला.

बुवा वळले नाहीत.

त्यांनी एक लांब श्वास घेतला. उपेंद्रला पाठीवरून तो दिसला. आणि मग त्यांनी षड्ज लावला. साधा. मारव्यात जो सहसा हाताला लागत नाही, तो षड्ज.

उपेंद्रचं बोट तारेवर आलं.

आणि बुवांनी अंतरा सुरू केला.

दारातली माणसं कधी खाली बसली कुणाला कळलं नाही. अंतऱ्यात तान नव्हती, कसब नव्हतं. चार साध्या ओळी होत्या, दिवस मावळताना कुणाची तरी वाट बघणाऱ्या. बुवा त्या एकेक करून ठेवत होते, आणि पुन्हा उचलून पुन्हा ठेवत होते, मागच्या माणसाला नीट मिळाव्यात म्हणून. उपेंद्र तारा छेडत होता आणि ओठातल्या ओठात म्हणत होता. आता बोट थांबवावं असं त्याला एकदाही वाटलं नाही.

संपलं तेव्हा नदीपलीकडे वाडीच्या दत्ताच्या देवळातले दिवे लागले होते. शेजारची माणसं न बोलता उठून गेली. बुवांनी उपरण्याने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि पानाचा डबा जवळ ओढला.

उपेंद्र तंबोरा मांडीवर घेऊन तसाच मागे बसून होता. गुरूला थांबवलं होतं त्याने. काहीतरी शब्द येईल म्हणून तो वाट बघत होता. बुवांनी पान लावलं, चुना लावला, सुपारी कातरली.

“बुवा...” शेवटी त्याच्याने राहवेना. “माझं काही चुकलं का?”

बुवांनी पान तोंडात घातलं. वळले नाहीतच.

“उशीर केलास.” ते म्हणाले. “अक्का दुसऱ्याच तानेला थांबली असती.”